बारी सोमनाथची, पाईप बन्सीचा

"पाईप मशीनच्या जबड्यात हाये, अर्धा वाकवेल हाये, अन् तो येतो, दांडा ढिला करतो, पाईप काढून माझ्या टेबलावर ठिवतो अन् मशीन लोटत घिऊन जातो. तोंडातून एक शबूद नाय. आगं, माणूस दावणीचा बैल सोडतानाबी च्याक करतो."

"आज बाजार हाये," द्वारकाबाई म्हणाली. शेडच्या उंबऱ्यावर बसून ती नवऱ्याच्या जेवणाचं फडकं सोडत होती. "बाजाराच्या दिशी बारी बदलती. भावजींनी त्यांच्या बारीचं मशीन नेलं. चोरून थोडंच नेलं?"

"चोरून नेलं असतं तर बरं झालं असतं. ठाण्यात तरी गेलो असतो."

"जेवून घ्या."

"भूक नाय."

"नसंल तर कुत्र्याला घालते."

"घाल. त्यालाबी सांग, तिकडल्या शेडात जाऊ नको म्हणावं. तिकडं कुणी बोलत नाय."

"बोलू नको म्हणलं कुणी त्यांला?"

ह्यावर बन्सीनं हातमोजे काढले अन् भिरकावले.

बन्सी मिस्तरीचे मोजे दिवसातून कैकदा उडायचे. समोरच्या रसवंतीवाल्याला त्या मोज्यांवरून रागाचा अंदाज यायचा. उंबऱ्याच्या आत पडले तर साधा राग, चहा पाजला की उतरतो. रस्त्याच्या कडेला पडले तर गिऱ्हाइकानं तासभर तिकडं फिरकू नये. आज ते पत्र्याच्या आडभिंतीवरून गेले अन् पलीकडं सोमनाथच्या हद्दीत पडले. म्हणजे राग राहिला बाजूला, आता मोजे आणायचे कसे हीच पंचाईत. कारण सख्खा भाऊ असून बन्सी सोमनाथशी बोलत नव्हता, अन् सोमनाथ बन्सीशी.

निकम मंडळी मूळची पिशोरची. बन्सी थोरला. शाळेत मन लागलं नाही म्हणून कन्नडला ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शेडात लागला, तिथून शहागंजातल्या एका उस्तादाकडं गेला. उस्ताद पाईप वाकवण्यात नामी माणूस. शिव्या देत शिकवायचा, अन् बन्सीनं दोन्ही गोष्टी सारख्याच मन लावून उचलल्या. पुढं करमाडला जालना रोडच्या कडेला त्यानं पत्र्याचं शेड टाकलं अन् ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवायला लागला. ट्रॅक्टरचा सायलेन्सर म्हणजे सोपं काम नाही. तो बोनेटवर उभा असतो, दिवसभर हाकणाऱ्याच्या तोंडासमोर. जरा आवाज बिघडला की संध्याकाळपर्यंत माणसाचं डोकं फिरतं. बन्सीचा सायलेन्सर बसवलेला ट्रॅक्टर आवाजावरून ओळखू यायचा, असं लोक म्हणत. बन्सी तेवढ्यावरही चिडायचा. "ओळखू येतो म्हंजी काय? आवाज येतो म्हणा की सरळ."

सोमनाथ धाकटा. तो वाळूजला एका कारखान्यात गाड्यांच्या सांगाड्यांवर काम करून आलेला. कंत्राट संपलं तसा थोरल्या भावाच्या शेडात आला. दोघं मिळून काम करायचे ते दिवस बरे होते. बन्सीचा हात जोरकस, सोमनाथची नजर बारीक. पण बारीक नजरेला एक खोड असते, दिसलं ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

रामकिसन म्हणून पलीकडच्या वस्तीवरचा एक ट्रॅक्टरवाला. त्याचं काम चालू असताना, चार माणसं चहा पीत उभी असताना, सोमनाथ म्हणाला, "दादा, हा टाका पोकळ हाये. धरायचा नाय."

रामकिसन हसला. बस्स, तेवढंच. बन्सीनं वेल्डिंगचा होल्डर खाली टाकला अन् साऱ्या रोडला ऐकू जाईल असा ओरडला, "आजपासून माझ्या कामात तोंड घालायचं नाय. माझ्या हातात काय जळू, काय फुटू. तुला दिसलं तरी तू आंधळा. कळलं?"

सोमनाथ म्हणाला, "कबूल."

टाका खरंच पोकळ होता का, हे बन्सीनं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं.

मग वाटणी झाली. पिशोरहून आप्पासाहेब आले, नात्यानं चुलते. त्यांनी जन्मभर भाऊबंदांच्या विहिरींचे तंटे मिटवलेले. शेडाच्या मधोमध पत्रा ठोकला, हत्यारं इकडची तिकडं झाली. वेल्डिंगचे दोन संच होते ते एकेकाला गेले. राहिलं पाईप वाकवायचं मशीन. आप्पासाहेबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"ह्याचे दोन व्हत्यात का?"

"नाय होत आप्पा."

"मंग विहिरीसारखं करा. बारी लावा. ह्या बाजारापासून त्या बाजारापर्यंत एकाची बारी, पुढं दुसऱ्याची. ज्याची बारी नाय त्यानं मोटरीला हात लावायचा नाय." त्यांच्या तोंडून मोटरच निघाली. पण सगळ्यांना समजलं.

आता विहिरीचं पाणी उभ्या पिकाला अर्धं दिलं अन् बारी संपली, तर उरलेलं रान चार दिवस तगतं. अर्धा वाकवलेला पाईप म्हणजे काय, हे आप्पासाहेबांना कुठून कळावं. मशीनला खाली चाकं बसवून घेतली अन् दर बाजाराला ते ह्या शेडातून त्या शेडात खडखडत जायला लागलं. बारी चुकायची नाही. ज्याचं काम अडलं त्यानं दुसऱ्याला "आजचा दिवस दे" म्हटलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. गावाकडं उसनी बारी मागायची रीत आहेच. पण ह्या दोघांच्या बापानं एका उन्हाळ्यात उभी मिरची वाळू दिली होती, चुलत्याला बारी मागितली नव्हती. बन्सी त्या बापाचा थोरला.

आज बाजारानं अडवला तो पाईप साध्या ट्रॅक्टरचा नव्हता.

शेडात चेनपुलीला शेपटीकडून टांगलेली एक गाडी होती. इंग्लंडात बनलेली, जुनी, दोनच माणसं बसतील अशी. रंग पिवळा, पण हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखा फिका. इतकी बुटकी की बसायचं तर आधी बूड आत अन् मग पाय. मालकीण कालिंदीबाई, शहरातल्या. कोर्टात वकिली करून आता घरी बसलेल्या. यजमान वारल्यावर साऱ्यांनी सांगितलं, गाडी विका. बाईंनी लायसन नवं करून आणलं. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती, दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत, अन् बाईंना ह्या खेपेला घाटात गाडी थांबू द्यायची नव्हती.

"मागच्या वर्षी घाटात धाप लागली हिला," पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "ढकलत न्यावी लागली. लोक फोटो काढत होते."

बन्सी खाली सरपटत गेला अन् तिथूनच ओरडला, "हे कोणत्या भाड्यानं केलं?"

"काय झालं?"

"सहा सिलिंडर हायेत बाई. तिघांचा धूर एका पाईपानं जावा, तिघांचा दुसऱ्या, अशी बनावट हाये. अन् ह्यानं दोन्ही तोंडं एका पाईपात कोंबली. सहा जणांना एका नाकपुडीनं श्वास घ्यायला लावला. घाट कसा चढंल ती?"

"म्हणजे पूर्वीसारखे दोन पाईप करता येतील?"

"येतील म्हंजी? करतोच. शनिवारी गाडी घिऊन जा."

"शनिवार नक्की ना? मिस्त्री लोकांचा शनिवार मी पाहिलाय."

"माझा शनिवार शनिवारीच असतो."

शब्द गेला. कामही झोकात सुरू झालं. पाईप इंजिनापासून निघून बुडाखालून मागं जायचे, अन् मागच्या ॲक्सलवरून उंटासारखी पाठ काढून शेपटीला बाहेर पडायचे. खालून नेले असते तर इतक्या बुटक्या गाडीत पहिल्याच दगडाला उचकटले असते. बन्सीनं गाडी टांगली, माप घेतलं. ॲक्सल अन् गाडीचं बूड ह्यांच्यात चांगली ऐसपैस जागा होती. पहिला पाईप मशीनवर मऊ भाकरीसारखा वाकला.

तो माप घेत होता तेव्हा सोमनाथ आपल्या शेडासमोर ऑइलच्या टिपाडावर बसून बघत होता. बघता बघता त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. खिशातून तंबाखूची डबी काढून चिमूट त्याच तोंडात भरली अन् आत निघून गेला.

दुसरा पाईप अर्ध्यात असताना बाजार आला, अन् मशीन गेलं.

"जाऊन मागा की," द्वारकाबाई म्हणाली. "पत्र्याच्या पल्याड तर हाये."

"मागू? मी मागू?"

"मंग मी मागते."

"तू गेली तर हिकडं परत येऊ नको."

"लई उपकार होतील," ती म्हणाली अन् डबा पुन्हा बांधायला लागली. "बापानं मिरची वाळवली, ल्योक गाडी वाळवू राह्यला."

बन्सीनं मागितलं नाही. त्याला उस्तादाची जुनी रीत येत होती. मशीन नव्हतं तेव्हा काय लोक पाईप वाकवत नव्हते? अंजना नदीच्या पात्रातली वाळू त्यानं पूर्वीच गोणीत भरून ठेवलेली. ती पत्र्यावर भाजली, खडखडीत कोरडी केली. ओल राहिली तर आतली वाफ पाईपाच्या तोंडाची लाकडी गुट्टी उडवून कपाळात घालते. पाईपात वाळू ठासली, दोन्ही तोंडांना बाभळीच्या गुट्ट्या ठोकल्या, गॅसच्या ज्योतीवर पाईप लालभडक केला अन् ट्रकच्या रिंगीला टेकवून अंगाच्या जोरानं वाकवायला घेतला. मोजे पलीकडं पडलेले, म्हणून हाताला गोणपाट गुंडाळलं. गोणपाट पेटलं. शिव्या देत विझवलं, दुसरं गुंडाळलं. तळहाताला फोड आले तसा तो त्या पाईपावर चिडला, वाळूवर चिडला, इंग्रजांवर चिडला. एवढं राज्य केलं, गाडीचं बूड जरा उंच ठेवायला काय झालं होतं.

पण पाईप वाकला. पहिल्याशी जुळवून बघितला तर जुळ्या भावासारखा. बन्सीनं तो मुद्दाम रस्त्याकडच्या बाजूला, सोमनाथला दिसेल असा टेकवून ठेवला. मशीनशिवाय भागतं, हे दाखवायला.

शनिवारी सकाळी कालिंदीबाई आल्या. गाडी खाली उतरलेली, शेपटीला दोन पाईप, एक डावीकडं एक उजवीकडं. बाईंनी वाकून बघितलं.

"छान दिसतंय."

"दिसण्याचं काय, चालवून बघा."

"तुम्ही बसा शेजारी."

बन्सी बसला. तो अंगानं भरदार माणूस. आधी बूड, मग पाय, मग पोट. द्वारकाबाई उंबऱ्यातून बघत होती, पदर तोंडाला लावून. इंजिन चालू झालं. दोन्ही पाईपांतून जाड, खोल आवाज आला, रसवंतीवाल्यानं घुंगराचं चाक थांबवून ऐकलं. बन्सीनं मान जराशी पत्र्याकडं वळवली. सोमनाथ टिपाडावर होता.

शेडापासून थोड्या अंतरावर ब्रेकर आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या बस अन् टमटमा त्याच्यावरून दिवसभर उड्या मारत जातात. बाईंनी गाडी हळूच चढवली. पुढची चाकं उतरली, मागची चढली.

धाडकन आवाज झाला. असा, की भाजीवालीच्या हातातला तराजू खाली आला. लगेच दुसरा. मग काहीतरी तुटल्याचा, अन् मग रस्त्यावर लोखंड फरफटल्याचा. डाव्या पाईपानं अडकवणीचं रबर तोडलं होतं अन् तो ठिणग्या काढत मागं ओढला जात होता.

बाईंनी गाडी थांबवली. बन्सी उतरायला गेला, पोट अडकलं, शेवटी गुडघ्यांवर उतरला अन् उतरता उतरताच सुरू झाला.

"बाई, ब्रेकरवरून गाडी अशी नेत्यात का? तिरपी घ्यायची!"

"ह्याच ब्रेकरवरून मी तुमच्याकडे आले होते. सरळ."

"मंग ब्रेकरच उंच हाये. ग्रामपंचायतीला अक्कल नाय. डोंगर बांधून ठिवला रस्त्यात."

"मिस्त्री, रागावून पाईप जुळणार असेल तर खुशाल रागवा. मी थांबते."

चार माणसांनी गाडी ढकलत शेडासमोर आणली, तेव्हा पत्र्याच्या बाजूनं फक्कन हसल्याचा आवाज आला.

बन्सी वळला. लोक जमले होते, आणि टिपाडावर सोमनाथ बसला होता. ओठ घट्ट मिटून, गालात तंबाखू.

"सोम्या. हसला का तू?"

सोमनाथनं मान हलवली. नाही म्हणून.

"तोंडानं बोल."

सोमनाथनं बाजूला पिचकारी टाकली, तोंड पुसलं. "बोलू?"

"बोल म्हणलं ना."

"पाईप आक्सलला लागला."

"ते साऱ्या करमाडला ऐकू गेलं. काहून लागला?"

"तू गाडी शेपटीला धरून टांगली. चाकं लोंबत होती, त्याच्यावर माप घेतलं. ट्रॅक्टरला चालतं, त्याचा आक्सल बुडाला पक्का अस्तो. हिला मागं स्प्रिंगचे पाटे हायेत. वर माणूस बसला की आक्सल वर सरकतो. तुझ्यावानी माणूस बसला की लईच सरकतो. ब्रेकर आला की त्याच्याबी वर."

कुणीतरी हसलं. बन्सीला ते ऐकू आलं नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं.

"तुला हे कव्हा दिसलं?"

"तू माप घेतलं तव्हा."

"त्या दिशी?"

"त्याच दिशी."

"म्हंजी मी वाळू भाजली, मी हाताची कातडी सोलून घेतली," बन्सीनं दोन्ही तळवे पुढं केले, "अन् तू तिथं बसून बघत होता. तुला म्हाईत होतं हे लागणार हाये."

"म्हाईत होतं."

"अन् बोलला नायस."

सोमनाथ टिपाडावरून उठला. आत्तापर्यंत त्याचा आवाज खाली होता, आता चढला. राग काही थोरल्याच्याच वाट्याला आलेला नव्हता, धाकट्यानं फक्त तो साठवला होता.

"बोलू कसा? माझ्या हातात काय जळू, काय फुटू, तुला दिसलं तरी तू आंधळा, हे कुणाचे शबूद? रामकिसनसमोर, भर रोडवर. मी कबूल म्हणलो. तव्हापासून तुझा एक टाका फुटताना म्या पाह्यला, दोन पाह्यले, जीभ चावून बसलो. शबूद पाळला मी माझा."

"असा पाळत्यात शबूद?"

"मंग कसा पाळत्यात? अर्धा?"

बन्सीचा हात मोजे चाचपायला कमरेला गेला. अडला की तो मोजे फेकायचा, अन् मोजे नव्हते. त्यानं डोक्याची टोपी काढली, तिच्याकडं बघितलं अन् पुन्हा घातली.

"तुमचा खटला मी नंतर ऐकते," कालिंदीबाई म्हणाल्या. त्या रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसल्या होत्या. "दोन्ही बाजू मजबूत आहेत. पण मला उद्या सकाळी ही गाडी घाटात पाहिजे, आणि तुमचा शनिवार अजून शिल्लक आहे."

काम काय करायचं ते उघड होतं. दोन्ही पाईपांची पाठ कापून काढायची अन् नवी, उंच पाठ वाकवून जोडायची. वाळूनं एक पाठ वाकवायला दिवस जातो, अन् बन्सीच्या हाताला आता गरम पाईप धरवणार नव्हता. मशीनवर घेतलं तर चहा निवायच्या आत दोन्ही झाल्या असत्या. मशीन तिथंच होतं, पत्र्यापलीकडं, गोणपाट पांघरून. आज त्याला कामही नव्हतं.

बन्सी गाडीभोवती फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला. द्वारकाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "मिरची वाळली बरं का." त्यानं तिच्याकडं असं बघितलं की रसवंतीवाल्यानं नजर खाली घातली. तिनं घातली नाही.

"मशीन हिकडं लोट," शेवटी बन्सी सोमनाथकडं न बघता म्हणाला.

"बारी माझी हाये."

"मंग तू वाकव."

"काम तुझं हाये. तुझ्या कामात मी तोंड घालू का?"

आता सगळा रोड ऐकत होता. पत्र्याच्या ह्या बाजूला एक भाऊ, त्या बाजूला दुसरा. मागायचं राहिलं होतं ते मशीन नव्हतंच. बन्सीच्या मानेच्या शिरा टरारल्या. दिलेला शब्द परत घेणं एकवेळ जमतं, पण दिलेली शिवी परत कशी घ्यायची, हे उस्तादानंही शिकवलेलं नव्हतं.

"घाल."

"काय?"

"तोंड घाल म्हणलं. आंधळा होता, आता भैराबी झाला काय?"

सोमनाथ आत गेला. मशीनवरचं गोणपाट ओढलं, मशीन लोटत पत्र्याला वळसा घालून आणलं. त्याच्यावर बन्सीचे मोजे ठेवलेले होते. बन्सीनं ते उचलले अन् घातले, पोळलेल्या हातांवर घालताना दात आवळले, पण तोंडातून काही काढलं नाही.

पुढचं काम भांडणातच झालं. गाडी ह्या खेपेला टांगली नाही, दोन फळ्यांवर चाकं चढवून नालीवर उभी केली, म्हणजे माणूस नालीत उतरून खालून हात घालील. सोमनाथ म्हणाला, वजन टाका, वजनाशिवाय माप घेणार नाय. शेजारच्या कृषी केंद्रातून खताच्या गोण्या आणल्या, फोडायच्या नाहीत ह्या बोलीवर. एका सीटवर गोण्या रचल्या. दुसऱ्या सीटवर काय ठेवायचं ह्यावर दोघांनी एकदमच द्वारकाबाईकडं बघितलं.

"मला गोणी समजले का तुमी?"

"वहिनी, गोणी हलती. तुमी नाय हलणार."

ती बसली. पदर सावरून, दोन्ही हात त्या लाकडी स्टिअरिंगवर ठेवून, पिशोरपर्यंत गाडी हाकत जाणार असल्यासारखी. तिच्या वजनानं पाटे दबले, ॲक्सल वर आला, अन् नालीत उभ्या बन्सीनं डोळ्यांनी बघितलं की ज्या जागेत त्यानं पाईप मोकळा सोडला होता तिथं आता बोटही जाईना. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला ते नीट कळलं नाही. स्वतःलाच असावी.

"आजून उंच," सोमनाथ.

"वर बूड लागंल."

"नाय लागत. पेट्रोलच्या टाकीपासून लांब घे फक्त."

"टाकीचं मला शिकवू नको."

"तुला कुणी शिकवलंच नाय गाडीचं, म्हणून तर नालीत उभा हायेस."

"तूबी उभाच हायेस."

"मी तुझ्यामुळं उभा हाये."

"आवं, माझे पाय आखडले," वरून द्वारकाबाई म्हणाली. "भांडण नंतर करा, नाय तर मी उतरते अन् आक्सल जाऊ द्या तिकडं."

मशीनचा दांडा सोमनाथनं मारला, टाके बन्सीनं घातले. डाव्या पाईपाच्या मागच्या जोडावर सोमनाथ वाकला अन् म्हणाला, "हा बारीक हाये." बन्सीनं तोंडापुढची काच वर केली. सगळ्यांना वाटलं, आता मोजे जातात. गेलेच, पण पायाशी पडले. मग त्यानं ते उचलले, टाका घासून काढला अन् नवा घातला. जाड.

दुपार कलली तसं गाडी पुन्हा रस्त्यावर आली. बाई चालवायला, शेजारी बन्सी, मागच्या डिकीत खताची एक गोणी. ब्रेकर आला. पुढची चाकं, मग मागची. भाजीवालीनं तराजू आधीच खाली ठेवला होता. नुसता इंजिनाचा आवाज आला, दोन्ही बाजूंनी सारखा. बाईंनी ब्रेकरवरून गाडी परत आणली, जरा जोरात. तरी काही लागलं नाही.

"आवाज बरा आहे," गाडी थांबवून त्या म्हणाल्या.

"बरा?" बन्सी उतरता उतरता अडकला. "बरा म्हंजी काय बाई? आवो, दोन्ही पाईप एका सुरात हायेत. बरा म्हणे."

"चांगला आहे."

"मंग तसं म्हणा."

"आणि तुमचा शनिवार शनिवारीच संपला. हे कोर्टातही सांगेन मी." त्यांनी काळा चष्मा लावला अन् गाडी शहराच्या दिशेनं गेली.

सोमनाथनं मशीनचे दोन्ही दांडे धरले, परत न्यायला. जाता जाता म्हणाला, "उजव्या पाईपाचं रबर येत्या पावसाळ्यात बदलायला सांगायचं होतं बाईंला."

"गाडी गेली. काम संपलं. आता मीट तोंड."

"मिटलं," सोमनाथ म्हणाला, अन् मशीन खडखडत पत्र्यामागं गेलं. बारी त्याचीच होती.

द्वारकाबाईनं डबा पुन्हा सोडला. बन्सीनं उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली, पोळलेल्या हातानं तुकडा मोडताना तोंड वाकडं करत. रामकिसनचा ट्रॅक्टर सकाळपासून कडेला लागला होता. सायलेन्सर बुडाशी हलत होता, टाका मारून दे असं रामकिसन सांगून गेला होता. बन्सीनं हात धोतराला पुसले, होल्डर घेतला, काच खाली ओढली अन् सायलेन्सरच्या बुडाशी रॉड नेला. तिथंच थांबला. काचेच्या आतूनच, मान न वळवता, ओरडला.

"अन् ह्या ट्रॅक्टरचं?"

पत्र्यामागून आवाज आला. "काय ट्रॅक्टरचं?"

"दिसतं का काय?"

"मला काय दिसणार? मी आंधळा."

"सोम्या."

"बुडाचा पत्रा गंजेल हाये आतून. टाका धरायचा नाय."

"मला दिसत नाय व्हय ते?" बन्सी खेकसला. त्यानं होल्डर ठेवला, ग्राइंडर उचलला अन् गंजलेला पत्रा कापायला घेतला.